टाकीखालचा आवाज

"ताई, आवाज पाहिजे की ताकद?"

मिस्त्रीने हे विचारलं तेव्हा तो माझ्या रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर मोटरसायकलचा ऑइल फिल्टर बदलत होता. मान खाली, हात कोपरापर्यंत काळे. विचारण्यात खोच काही नव्हती. मीच भिंतीवर टांगलेल्या सायलेन्सरांकडे बराच वेळ बघत उभी होते. क्रोमचे, काळे, टोकाला तिरपे कापलेले, एक तर जेमतेम वीतभर लांबीचा. गिऱ्हाईक असं बघायला लागलं की पुढे काय विचारायचं हे त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक. मी म्हटलं, "सांगते विचार करून." "चालतंय की," म्हणून तो ड्रेन बोल्ट आवळायला लागला. पैसे दिले, गाडी काढली, कर्वे रोडच्या गर्दीत शिरले, तरी प्रश्न काही मागे राहिला नाही. दोन्हींपैकी कुठलंही एक उत्तर द्यायला जीभ उचलत नव्हती. आवाज म्हणावं तर ते पुरतं खरं नाही, आणि ताकद म्हणावं तर आहे तीच ४७ अश्वशक्ती पुण्यातल्या रस्त्यांवर पुरून उरते.

आवाज मला आवडतो, अगदी मनापासून. या इंजिनात दोन सिलिंडर आहेत, पण क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर, ते २७० अंशांनी सरकवलेले. म्हणजे एक ठोका पडला की पुढचा २७० अंशांनी, आणि त्याच्या पुढचा ४५० अंशांनी. ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं, म्हणून चाल जरा लंगडती, जिवंत वाटते. कंपनीच्या सायलेन्सरमधून हे सगळं ऐकू येतं, पण दुरून. पहाटे खंबाटकी ओलांडून उतारावर मूठ सोडली की मागे हलकं गुरगुरणं ऐकू येतं, आणि दर वेळी वाटतं, हे अजून थोडं मोकळं व्हायला हवं होतं. ज्यांनी अशा ट्विनचे, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाडीचे, सायलेन्सर बदललेत त्यांच्या शेजारून जाताना माझी मान आपोआप वळते. तेव्हा मिस्त्रीने माझ्या नजरेत वाचलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

सायलेन्सर आतून कसा असतो ते मी कराडला मामाच्या अंगणात पाहिलं. त्याची येझदी रोडकिंग होती. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोचायच्या सुमारास तो ते दोन्ही खाली उतरवायचा, मागचा नट सोडून आतली जाळी ओढून काढायचा. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच जळतं, त्याची तेलकट काळी खपली जाळीच्या भोकाभोकांत बसलेली असे. मग कॉस्टिक सोड्याची लोखंडी बादली, आम्हा पोरांना ओट्यावरून खाली उतरायची बंदी, आणि दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या बोळ्याने उरलेलं जाळणं. त्या धुराचा, टू-टी तेलाचा गोडसर वास आजही कुठल्या जुन्या यामाहा आरएक्स १०० मागून आला तर मी ओव्हरटेक न करता तिच्या मागे मागे जाते. सायलेन्सर चढवून मामा मला टाकीवर बसवून आगाशिवाच्या बाजूला चक्कर मारायचा. चढावर गाडी आदल्या दिवशीपेक्षा वेगळी ओढायची, हे टाकीवर बसलेल्या पोरीलासुद्धा कळे. गल्लीत आरएक्सवाली पोरं होती. त्यांनी जाळ्या काढून फेकून दिल्या होत्या. मामा त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "जाळी काढली की गाडी बोंबलते, ओढत नाही." का ओढत नाही हे त्याला सांगता येत नसे, पण निरीक्षण पक्कं होतं.

त्याचं कारण मला फार पुढे कळलं. पूर्व जर्मनीत झ्शोपाऊ गावी एमझेड या मोटरसायकल कंपनीचा कारखाना होता. तिथे वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने पन्नासच्या दशकात टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरला इंजिनाचाच एक भाग मानून काम केलं. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असतानाच एक्झॉस्टचं तोंड उघडं असतं, त्यामुळे बरंच पेट्रोल न जळता बाहेर पडतं. काडेनने पाइप आधी पसरत जाणारा आणि मग निमुळता होत जाणारा केला. स्फोटाची दाबलहर निमुळत्या भिंतीवर आपटून परत येते, आणि नेमक्या क्षणी पोचली तर निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती निघत होत्या, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकी ५० सीसीची जगज्जेती झाली. एका पाइपाचा आकार कळण्यासाठी देशाच्या सीमा ओलांडल्या गेल्या. कराडच्या गल्लीतली पोरं हॅकसॉ घेऊन जे कापत होती ते हे.

फोर-स्ट्रोकचं गणित वेगळं, पण लहर तिथेही आहे. गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, "बॅक प्रेशर गेलं म्हणून पिकअप गेला." पिकअप जातो हे खरंच असतं, कारण मात्र ते नसतं. इंजिनाला मागून दाब नको असतो, जळलेला वायू वेगाने निघून जायला हवा असतो. गरम वायूत लहर सेकंदाला पाचशे मीटरच्या पुढे धावते. पाइपाच्या उघड्या टोकाशी पोचली की ती उलटी होऊन, ओढ बनून परत येते. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असतात त्या क्षणी ती पोचली, तर उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि नवी हवा आत यायला मदत करते. पाइप नको इतका रुंद केला की वायूचा वेग पडतो, लांबी बदलली की लहर चुकीच्या आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पोचते. मग वरच्या टोकाला दोन घोडे वाढतात आणि खाली, जिथे आपण दिवसभर गाडी चालवतो, तिथे पोकळी तयार होते. पल्सरच्या बेंड पाइपवर, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाइपवर, इंजिनाजवळ एक छोटी बंद कुपी असायची, बजाज त्याला एक्झॉस्टेक म्हणायचं. ती खालच्या आरपीएमला ओढ यावी म्हणूनच होती. सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या पल्सरची ती कुपी बघायची मला सवय लागली होती. इतक्या साध्या, रोजच्या गाडीवर कुणीतरी लहरींचा एवढा विचार करून ठेवलाय, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हा विचार भिंतीवर टांगलेल्या वीतभर नळकांड्यात कुठे असणार?

आवाजाचा दुसरा प्रश्न तो कुणाला ऐकू जातो हा. सायलेन्सरचं तोंड मागे असतं. वेगात असताना हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज इतका असतो की स्वतःचा एक्झॉस्ट अर्धामुर्धाच पोचतो. बाकीचा मागे सांडत जातो, झोपलेल्या गावांवर, बसस्टॉपवर उभ्या माणसांवर. मोठा आवाज असला की गाड्या बाजूला होतात, जीव वाचतो, असं मित्रमंडळी छातीठोकपणे सांगतात. माझा अनुभव तसा नाही. पुढच्या ट्रकवाल्याच्या काचा वर असतात, केबिनमध्ये गाणी लागलेली असतात, आपण त्याच्या बरोबरीला येईपर्यंत त्याला काही कळत नाही. आणि मला आणखी एक हिशेब करावा लागतो, जो माझ्या मित्रांना करावा लागत नाही. मी बऱ्याचदा एकटी निघते, उजाडायच्या आधी. चहाच्या टपरीपाशी थांबते तेव्हा हेल्मेट काढल्यावर माना वळतात, त्याची सवय झाली आहे. पण गावात शिरायच्या आधी अर्ध्या मैलावरून आपली वर्दी जावी असं मला वाटत नाही. शांत गाडीवर कुणाच्या लक्षात न येता पुढे निघून जाता येतं. हे मला स्वातंत्र्य वाटतं, आणि ते मला आवाजापेक्षा मोलाचं आहे.

कोथरूडमध्ये राहणाऱ्यांना या विषयाची एक जागा रोज दिसते. टेकडीवर फिरायला जाणारे सगळे तिला एआरएआयची टेकडी म्हणतात. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ साली स्थापन झालेली ती संस्था देशभरातल्या गाड्यांचा धूर आणि आवाज तपासते. १७५ सीसीच्या वरची दुचाकी बाजारात येण्याआधी तिचा आवाज ८० डेसिबलच्या आत असावा लागतो. गाडी मूठ पिळून पुढून नेतात, आणि तिच्या मार्गापासून साडेसात मीटरवर लावलेला मायक्रोफोन तो मोजतो. डेसिबलची मोजणी अशी की तीन वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली, म्हणून ८० आणि ९५ यांतला फरक वाटतो त्याहून फार मोठा आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून पोलीस त्यांवरून रोड रोलर फिरवतात, ते फोटो आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक शहरातून येतात. मला ते बघून दोन्ही वाटतं. इंजिन बंद-चालू करून फटाके काढणाऱ्या बुलेटचा मला संताप येतो. त्यात तंत्र एवढंच की उघड्या थ्रॉटलवर ठिणगी तोडायची, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात सोडायचं आणि तिथे त्याचा भडका उडवायचा. दवाखान्यासमोर, शाळेसमोर हे करणाऱ्याला कायद्यातला १०,००० रुपयांपर्यंतचा दंड मला कमीच वाटतो. पण त्या चपट्या पत्र्यांच्या ढिगात एखादा नीट वेल्ड केलेला, आतली जाळी शाबूत असलेला पाइप दिसला, की कुणाच्या तरी हातची कारागिरी गेली म्हणून पोटात कालवतंही.

या सगळ्या घोळात मला माझं उत्तर मिळालं ते दुसऱ्याच्या गाडीवर. एका मित्राने त्याच्या ट्विनचा सायलेन्सर कंपनीचाच ठेवला होता, फक्त एअरबॉक्सचं, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या फिल्टरच्या डब्याचं, झाकण बदलून मोठ्या तोंडाचं बसवलं होतं, आणि आत कापसाचा, तेल लावलेला फिल्टर. ताम्हिणीत आम्ही गाड्या बदलल्या. उभी असताना काही फरक कळला नाही. मुळशीचं पाणी मागे पडल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चढाला मूठ पूर्ण पिळली, आणि टाकीखालून, थेट माझ्या गुडघ्यांमधून, एक खोल हुंकार वर आला. मागून नाही, समोरून. इंजिन हवा ओढताना तो आवाज करतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा घुमतो, तसाच एअरबॉक्सची पोकळी आणि तिचं तोंड मिळून तो घुमवतात. मूठ सोडली की लगेच थांबतो, पिळली की येतो, हाताशी बांधल्यासारखा. मागून माझ्या गाडीवर येणाऱ्या मित्राला मी विचारलं, आज काही वेगळं ऐकू आलं का? तो म्हणाला, नाही, काय झालं? तेव्हाच मला कळलं की मला हाच आवाज हवा होता. बसणाऱ्यासाठीचा.

पण एअरबॉक्सला हात लावणं सायलेन्सर बदलण्याइतकं सोपं नाही, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. बरेच जण डबा काढून टाकतात आणि थ्रॉटल बॉडीवर उघडे कोन फिल्टर चढवतात. दिसतं छान. डब्यातल्या हवेच्या साठ्याने खालच्या आरपीएमला जो आधार मिळत असतो तो मात्र जातो, आणि इंजिनाच्या फिन्सवरून आलेली गरम हवा आत ओढली जाते. शिवाय आपला प्रदेश. कराड-इस्लामपूर पट्ट्यात साखर कारखाने सुरू झाले की ट्रॉल्यांमागची धूळ दिवसभर खाली बसत नाही. कोकणात उतरलं की तांबडी माती, तीही पिठाइतकी बारीक. आणि जूनमध्ये त्याच ताम्हिणीत रस्ता दिसत नाही इतकं धुकं आणि आडवा पाऊस. उघडा फिल्टर या तिन्हींसमोर उघडाच असतो. कागदी फिल्टर धूळ चांगली अडवतो, भरला की फेकायचा. कापसाचा धुता येतो, हवा मोकळी सोडतो, पण तेलाचं प्रमाण नीट राखावं लागतं. कमी लावलं तर बारीक माती आत जाते आणि सिलिंडर घासते, जास्त लावलं तर हवाच अडते. दर पावसाळ्यानंतर धुऊन, सावलीत वाळवून, तेल देऊन बसवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं. मला ते काम आवडतं. सोड्याच्या बादलीपाशी जायला लहानपणी बंदी होती, त्याची भरपाई म्हणा.

हवा वाढली की पेट्रोल वाढवावं लागतं. साधारण १४.७ किलो हवेला एक किलो पेट्रोल हा पूर्ण जळण्याचा हिशेब. लिटरच्या भाषेत आणखी नजरेत भरतो, कारण एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. माझी आधीची क्लासिक ३५० कार्ब्युरेटरची होती. तिच्यावर हे सगळं हाताने आणि डोळ्याने करायचं असे. मोकळ्या सातारा रस्त्यावर चौथ्या गिअरला मूठ पूर्ण उघडून ठेवायची, मग एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी कडेला घरंगळत न्यायची आणि गरम प्लग खोलून बघायचा. पांढरट दिसला तर पेट्रोल कमी पडतंय, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मोठा घाला. काळा काजळीचा असला तर जास्त होतंय. बदामी आला की मिस्त्री हसायचा. आणि एवढं करून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठलं की सगळं बिघडायचं. पोलादपूरपासून साडेतेराशे मीटरची उंची गाठेपर्यंत हवा बाराएक टक्के विरळ होते, गाडी जड व्हायची, प्लग काळा. खाली उतरलं की आपोआप बरी. त्या गाडीला हवामान कळायचं, आणि तिच्यावर बसून मलाही.

१ एप्रिल २०२० पासून धुराचं बीएस-६ मानक आलं आणि नव्या गाड्यांवरून कार्ब्युरेटर जवळपास नाहीसाच झाला. आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, थ्रॉटल किती उघडला, आरपीएम किती, हवेचा दाब आणि तापमान किती हे बघून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. महाबळेश्वरला प्लग काळा होत नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर दर क्षणी खबर देतो आणि संथ चालीत ईसीयू मिश्रण त्या १४.७ च्या आसपास धरून ठेवतो. हे नाजूक आहे आणि कशासाठी आहे ते समजून घ्यायला हवं. कॅटलिटिक कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू त्याच अरुंद पट्ट्यात तिन्ही विषारी वायूंवर एकदम काम करतात. फिल्टर बदलला, तरी संथ चालीत सेन्सर तो फरक भरून काढतो. पण मूठ पूर्ण पिळली की ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडून आतल्या ठरीव तक्त्यावर चालतो, आणि त्या तक्त्याला आपण बसवलेल्या मोठ्या तोंडाच्या झाकणाची काही कल्पना नसते. तिथे ताकदीसाठी मिश्रण तेराच्या आसपास हवं, आणि ते पातळ होत जातं. हवेने आणि तेलाने थंड होणाऱ्या इंजिनाला नेमकं तिथेच ते परवडत नाही. म्हणून फ्युएल ट्यूनिंग. इंजेक्टरच्या वायरीत बसणारा पिगीबॅक डबा असो की ईसीयूतला तक्ता बदलणं असो. बाजारात ते तिसरं, ऐच्छिक पाऊल म्हणून विकलं जातं. "आधी पाइप टाका, मग फिल्टर, पैसे उरले तर ट्यूनिंग." मला हा क्रम पटत नाही. पेट्रोल मोजून देण्याची सोय नसेल तर हवेचं तोंड मोठं करूच नये.

त्यात आता इथेनॉल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्याच्या वजनाच्या साधारण नऊपटच. म्हणजे या मिश्रणाचा पूर्ण जळण्याचा आकडा १४.७ वरून साडेतेराच्या जवळ येतो. जुन्या पेट्रोलवर बसवलेला तक्ता किंवा जेट या पेट्रोलवर पातळच पडणार. लिटरमागे ऊर्जाही सहा-सात टक्के कमी, म्हणून अ‍ॅव्हरेजची कुरकुर. मामाच्या घरचा ऊस अजून कारखान्याला जातो. इथेनॉलमुळे कारखान्यांना पैसा मिळतो, बिलं वेळेवर निघतील अशी आशा घरात बोलली जाते, आणि मी जेवायला बसलेली असते तेव्हा त्या पेट्रोलबद्दल तक्रार करणं मला जमत नाही. त्या घरातल्या पोरांची शिक्षणं त्याच बिलांवर झाली. दुसरीकडे जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि ओ-रिंग त्या पेट्रोलने फुगून कडक होतात ते मी हातात घेऊन पाहिलेत. या दोन्ही गोष्टी माझ्या आहेत, एकीसाठी दुसरी सोडता येत नाही. मी एवढंच करू शकते की ट्यूनरला आधी विचारायचं, तुझा तक्ता कुठल्या पेट्रोलवर बसवलाय?

खरी गंमत पुढे झाली. मला त्रास होता तो आवाजाचाही नव्हता आणि ताकदीचाही. गर्दीत, अडीच-तीन हजार आरपीएमला मूठ किंचित उघडली की गाडी डचका द्यायची. पातळ मिश्रणाची हीच खूण असते, म्हणून मी मनाशी पिगीबॅकचं ठरवूनही टाकलं होतं. मिस्त्रीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आधी टॅपेट बघू." म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी सोडलेली बारीक फट. या इंजिनात आठ व्हॉल्व्ह, स्क्रू आणि लॉकनटचे. गाडी रात्रभर थंड ठेवून सकाळी त्याने फट मोजायची पातळ पट्टी, फीलर गेज, घालून एकेक पाहिला. एक्झॉस्टच्या बाजूचे दोन घट्ट निघाले. मग चेन, ती नको इतकी सैल होती. मग थ्रॉटलच्या केबलची ढील त्याने जेमतेम राहील इतकी कमी केली, आणि बेंड पाइपाच्या गॅस्केटपाशी हात धरून कुठे फुंकर लागते का ते बघितलं. मी गाडी काढली आणि नळ स्टॉपपर्यंत गेले. डचका बराचसा गेला होता. भिंतीवर टांगलेलं काहीही न विकता त्याने माझी गाडी सुधारून दिली, आणि घेतले मजुरीचे पैसे तेवढे. सुट्या भागांच्या याद्या करणाऱ्या सगळ्यांना मी आता हेच सांगते, की आधी गाडी कंपनीने दिली तशी तरी करून घ्या. निम्म्या लोकांना हवी असलेली ताकद सैल चेनमध्ये आणि घट्ट टॅपेटमध्ये अडकून पडलेली असते.

सायलेन्सर मी बदलणार नाही. तो जड आहे, त्याचा आवाज दबलेला आहे, आणि आत कन्व्हर्टर असो वा बेंड पाइपात, माझ्या मागून येणाऱ्या स्कूटरवरच्या पोराच्या नाकात काय जातं याची काळजी तो घेतो. मोकळं झाकण आणि कापसाचा फिल्टर मात्र घ्यायचा आहे, त्या टाकीखालच्या हुंकारासाठी. त्यानेही पास-बायचा, म्हणजे गाडी पुढून जाताना मोजतात तो, आवाज थोडा वाढतो, म्हणून झाकण बसवायच्या आधी आणि नंतर साडेसात मीटरवर मीटर धरून मोजणार आहे. आकडा हद्दीबाहेर गेला तर झाकण परत काढायचं. ट्यूनिंगवाल्याशी बोलणं झालंय. संथ चालीचा, सेन्सरच्या ताब्यातला पट्टा त्याने अजिबात छेडायचा नाही, फक्त उघड्या थ्रॉटलचं पेट्रोल नीट करायचं. त्याला हे काम फारच छोटं वाटलं. पूर्ण स्टेज वन, म्हणजे पाइप, फिल्टर आणि ट्यूनिंगचा सगळा संच घ्या, फरक जाणवेल, असं तो दोनदा म्हणाला. मी नको म्हटलं. दिवाळीनंतर, हवा जरा कोरडी झाली की डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, जायचं ठरलंय, टाकीत नेहमीच्या पंपावरचंच पेट्रोल ठेवून. पहिला रन गाडी आहे तशीच घ्यायचा आणि त्याचा कागद छापून माझ्या हातात द्यायचा, मगच झाकणाला स्क्रूड्रायव्हर लावायचा, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.